न्यू जर्सीतल्या सायकल क्लबात सगळे गोरेच असतात का? आपल्यासारखीला तिथे कसं वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्याहून एडिसनला येताय, पुण्यात दर रविवारी ग्रुपबरोबर सायकल चालवता, इथल्या क्लबांच्या फोटोंत बहुतेक गोरे आणि त्यातही पुरुषच दिसतात. तर आपल्याला कितपत सामावून घेतात, कोणी टोचून बोलतं का, आणि सायकल सोबत आणावी का.

मी मूळची सांगलीची. एडिसनला येऊन सतरा वर्षं झाली, त्यातली नऊ क्लबात जातेय. टोचून फार कोणी बोलत नाही. नऊ वर्षांत तोंडावर घाण बोलल्याचे प्रसंग दोनच, आणि दोन्ही वेळा बोलणारा सायकलवर नव्हता, पिकअप ट्रकमध्ये होता. एकदा 'आपल्या देशात परत जा' असं ओरडला. दुसऱ्या वेळी काय म्हणाला ते वाऱ्यात ऐकूच आलं नाही, पण सोबत फेकलेला सोड्याचा ग्लास बरोबर खांद्यावर बसला. (सायकलीच्या बाजूने जाताना गाडीने चार फूट अंतर ठेवायचं, असा २०२२ पासून इथे कायदा आहे. ग्लासाबद्दल काही म्हटलेलं नाही.)

क्लबातली माणसं मात्र सभ्य असतात. जे जाणवतं ते निराळंच असतं, आणि ते शब्दांत पकडायला मला बरीच वर्षं लागली.

पहिली राइड सांगते. प्रिन्स्टनच्या बाजूला एका बागेच्या पार्किंगमध्ये सकाळी आठला वीसेक जण जमले होते. राइड नेणारा माणूस भला होता. माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, 'याआधी कधी रस्त्यावर सायकल चालवलीय ना?' मी वडिलांच्या सायकलीवर कैंची मारत शिकले. पुढे विश्रामबागेला विलिंग्डन कॉलेजात रोज सायकलनेच जायची, एसट्या आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत. आणि हा मला विचारतोय रस्त्यावर चालवलीय का! पण मी काय म्हणाले? 'हो, थोडीशी.' थोडीशी का म्हणाले ते देव जाणे. त्या दिवशी अजून एक नवखा होता, गोरा, चाळिशीचा, पायात पळायचे बूट, सायकलीच्या टायरवरचे रबरी केसही झिजले नव्हते. त्याला कोणी काही विचारलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. ग्रुपने चालवणं मला खरंच येत नव्हतं. सांगलीत आम्ही मैत्रिणी शेजारी शेजारी गप्पा मारत जायचो. इथे पुढच्याच्या मागच्या चाकापासून दीड-दोन फुटांवर आपलं पुढचं चाक ठेवायचं, म्हणजे वारा तो खातो आणि आपला दम वाचतो. खड्डा आला की बोट दाखवायचं, मागून गाडी आली की 'कार बॅक' ओरडायचं, आणि रांगेत असताना अचानक ब्रेक अजिबात मारायचा नाही. मी मारला. मागचा माझ्यावर खेकसला. आज मी त्याला चांगली ओळखते, तो सगळ्यांवरच खेकसतो, स्वतःच्या बायकोवरसुद्धा. पण त्या क्षणी हे मला कुठून कळणार?

माझ्या मते मुख्य गोष्ट हीच आहे. कोणी काही बोललं, कोणी कॉफीला बोलवायचं विसरलं, चढावर कोणी थांबलं नाही, की डोक्यात हिशेब सुरू होतो: हे मी नवी म्हणून, हळू म्हणून, बाई म्हणून, की मी दिसते अशी म्हणून? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. त्या पळायच्या बुटांवाल्यालाही चढावर मागे टाकलंच होतं. तो घरी जाऊन एवढंच म्हणाला असेल की आपला दम कमी पडला. मी घरी येऊन रात्री अकरापर्यंत हिशेब करत बसले. पाय दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मोकळे होतात हो, हे डोक्याचं काम जास्त दमवतं.

त्यावर माझ्यापुरता उपाय म्हणजे 'नो-ड्रॉप' राइड, म्हणजे सगळ्यात मागचा येईपर्यंत सगळे थांबतात ती. क्लबाच्या यादीत तसं लिहिलेलं असतं. पहिले दोन-तीन महिने तेवढ्याच करा. थांबणं हा नियमच असला की कोण कोणासाठी थांबलं हा प्रश्नच उरत नाही. आणि हो, नाव. माझं तीन अक्षरांचं नाव पहिल्याच दिवशी त्यांनी एका अक्षरावर आणलं. मीही चालू दिलं. दुसऱ्या वर्षी परत मागून घेतलं. तुम्ही पहिल्याच दिवशी मागा.

कपड्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. अंगाला चिकटणारी ती गादीवाली चड्डी घालून एडिसनच्या ओक ट्री रोडवरून जाताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी गोऱ्यांच्या घोळक्यात कधीच वाटली नाही. इंडियन ग्रोसरीच्या दारात ओळखीच्या काकू भेटायच्या आणि त्यांची नजर! शेवटी मी वरून घालायला गुडघ्याखालपर्यंतची सैल विजार शिवून घेतली. क्लबात दोघे-तिघे हसले. हसोत.

या विजारीमुळेच मला किटी नॉक्स सापडली. बॉस्टनची कपडे शिवणारी मुलगी, वडील काळे, आई गोरी. बायका लांब झगा घालून सायकल चालवायच्या त्या काळात हिने स्वतःसाठी सैल विजारीचा पोशाख शिवला होता. 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' ही सायकलस्वारांची देशव्यापी संघटना. किटी १८९३ मध्ये तिची सभासद झाली. पुढच्याच वर्षी संघटनेने ठराव केला की यापुढे सभासद फक्त गोरेच. १८९५ च्या उन्हाळ्यात संघटनेचा मेळावा न्यू जर्सीतच, ॲस्बरी पार्कला भरला. किटी बॉस्टनहून तिथे गेली, सभासदाचं कार्ड दाखवलं, आणि तिच्यावरून वादंग झालं. वर्तमानपत्रांत छापून आलं. ठरावाच्या आधीची सभासद म्हणून तिचं सभासदत्व टिकलं, ठराव मात्र तसाच राहिला. १९०० मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी ती गेली. संघटनेने तो ठराव उघडपणे झिडकारला कधी, तर १९९९ मध्ये! तेव्हा मी कॉलेज संपवून नोकरीला लागले होते.

गेल्या सप्टेंबरात सँडी हूकपासून समुद्राच्या कडेकडेने ॲस्बरी पार्कपर्यंत आम्ही तिघी सायकलने गेलो. बोर्डवॉकवर आइस्क्रीम खाल्लं. सोबतच्या दोघी गोऱ्या, दोघी वीस-पंचवीस वर्षं क्लबात, आणि दोघींनी किटीचं नाव ऐकलं नव्हतं. एक म्हणाली, 'आपल्या इथे?' मला ते 'आपल्या' आवडलं.

मेजर टेलरचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. इंडियानापोलिसचा काळा सायकलपटू, १८९९ मध्ये मॉन्ट्रियलला एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. त्याच्या दोन वर्षं आधी मॅसॅच्युसेट्समधल्या टाँटनला एका हरलेल्या गोऱ्या स्पर्धकाने शर्यत संपल्यावर त्याचा गळा दाबला होता, बेशुद्ध होईपर्यंत. १९३२ मध्ये शिकागोत तो कफल्लक अवस्थेत गेला. आज त्याच्या नावाचे क्लब अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत, न्यू जर्सीतही, आणि त्यांत बहुतेक काळे सायकलस्वार असतात. अशाच एका क्लबाच्या राइडला मी मैत्रिणीबरोबर पाहुणी म्हणून गेले होते. तिथेही मी एकटीच वेगळी होते, पण निघण्यापूर्वी एका साठीच्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि रांगेत कसं राहायचं, पुढच्याच्या चाकाकडे न बघता खांद्याकडे कसं बघायचं, ते दहा मिनिटं शिकवलं. तुला येतं का, असं विचारलंच नाही. येत नसणारच असं धरलं आणि त्यात कमीपणा नाही असंही धरलं. आमच्या क्लबात हे कळायला मला दोन वर्षं लागली होती.

त्या राइडहून आल्यावर आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला तर एकाने लिहिलं, 'त्या भागात एकटी जाऊ नकोस हं.' भाग कुठला होता हे त्याला माहीतही नव्हतं. फोटोतली माणसं बघूनच त्याने ठरवलं. वागणुकीबद्दल बोलताना आपण हे सोयीस्करपणे गाळतो.

आणि आपलं दुःख त्यांच्या दुःखाच्या रांगेत नेऊन बसवू नये, असंही मला वाटतं. मला लोक जास्तीत जास्त बावळट समजतात. एडिसनपासून गाडीने वीसेक मिनिटांवर पर्थ ॲम्बॉय आहे. तिथे एप्रिल २०२१ मध्ये काळ्या आणि लॅटिनो पोरांचा घोळका सायकली फिरवत होता. पोलिसांनी अडवलं, सायकली काढून घेतल्या, एका काळ्या मुलाला बेड्या घातल्या. सायकलींना गावची नोंदणीची चकती नव्हती, हे एक कारण. माझ्या सायकलीलाही कुठलीच चकती नाही, आणि नऊ वर्षांत मला एकाही पोलिसाने ती विचारलेली नाही. सिॲटलच्या भागात हेल्मेटसक्तीचा कायदा २०२२ मध्ये रद्दच केला, कारण दंड कोणाला होतोय हे बघितलं तर बेघर आणि काळे लोकच जास्त निघाले. हेल्मेट चांगलंच, मीही घालते. पण नियम कोणावर चालवला जातो हे बघायला हवं.

हेल्मेटवरून आठवलं. आमच्या कॅनॉलच्या वाटेवर एक सरदारजी भेटतात, सत्तरीचे, माझ्यापेक्षा जोरात चालवतात. क्लबात का येत नाही म्हणून विचारलं तर हसून पगडीला हात लावला. क्लबाच्या विम्याची अट आहे, हेल्मेटशिवाय राइडला घेता येत नाही. चूक कोणाचीच नाही, आणि सरदारजी एकटेच चालवतात.

एक निरीक्षण अजून. इथे आल्यावर रात्री दहाच्या सुमारास रूट २७ वर बघा. हॉटेलांच्या स्वयंपाकघरातून सुटलेली माणसं, बहुतेक मेक्सिको-ग्वातेमालाकडची, काही आपल्याकडचीही, जुन्या सायकलींवर फुटपाथवरून घरी जात असतात. पुष्कळांच्या सायकलीला दिवा नसतो. आठवड्याला माझ्यापेक्षा जास्त मैल त्यांचे होत असतील. क्लबाच्या मीटिंगमध्ये 'आपल्याकडे सगळ्या तऱ्हेचे लोक कसे येतील' यावर चर्चा होते, तेव्हा ही माणसं कोणाच्या डोळ्यांसमोर नसतात. माझ्याही नव्हती.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत पुण्याला आले तेव्हा बहिणीच्या ग्रुपबरोबर सिंहगडच्या पायथ्यापर्यंत गेले. मस्त माणसं. परतीच्या वाटेवर एका मंदिरासमोर थांबलो, घोषणा झाली, फोटो झाला. फोटो काढणारे एक डॉक्टर होते, मुसलमान. सायकली सांभाळत आणि सगळ्यांचे मोबाइल हातात घेऊन उभे. बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, 'त्यांना आवडतं फोटो काढायला.' असेलही. तिच्या मोबाइलमधले मागचे फोटो चाळले, तर मंदिरासमोरच्या एकाही फोटोत ते नव्हते. सांगलीत माझ्याबरोबर मिरजेहून येणारी एक मुलगी होती, कॉलेजच्या सहलीत तीही अशीच कडेला असायची, आणि तिला तसंच आवडतं असं मी वीस वर्षं धरून चालले होते. तुमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये फोटो कोण काढतं?

आता सायकल. जमत असेल तर सोबत आणा. इथे सायकलींना तोटा नाही, पण तुमची उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर तुमच्या मापाची फ्रेम दुकानात उभी असण्याची शक्यता कमी. मला ४७ सेंटिमीटरची लागते. पहिल्या दुकानात ५२ ची दाखवून 'सीट खाली केली की बसेल' म्हणाले, आणि शेजारच्या शेल्फकडे हात करून 'किंवा ही लहान मुलांची बघा'. शेवटी मागवावी लागली, दीड महिना गेला. विमान कंपनी सायकल सामानात धरते की वेगळे पैसे घेते ते आधी विचारा. पुण्यातल्या दुकानदाराकडून रिकामं खोकं फुकट मिळतं. पुढचं चाक, हँडल, सीट आणि पायडल काढावे लागतील, टायरमधली थोडी हवा सोडा. डावं पायडल काढताना लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात. घाईत नेहमीच्या बाजूला जोर लावला की ते अजूनच आवळत जातं.