कॅप्स लॉक नकोय? बटण उपटू नका

प्रश्न : मी घरीच डेस्कटॉपवर मराठी टायपिंगची कामं घेते, फोनेटिक पद्धतीनं, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी बटणं दाबून, टी ला त आणि शिफ्ट धरून टी ला ट. शिफ्टकडे जाताना करंगळी नेमकी कॅप्स लॉकवर पडते आणि मान वर करून बघेपर्यंत अर्ध्या ओळीत त चा ट, न चा ण, ल चा ळ झालेला असतो. दुरुस्तीवाला म्हणाला बटणच उपटून टाका. टाकू का? विंडोज ११ आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, नका उपटू. वरची टोपी निघाली तरी खालचा दांडा राहतोच, बोट त्यावर पडलं की कॅप्स लॉक लागणारच, वर त्या भोकातून धूळ आत जाणार ती वेगळीच.

आणि यात तुमच्या करंगळीचा काही दोष नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीवर ए च्या डावीकडे कंट्रोल होतं आणि कॅप्स लॉक पार खाली, स्पेसबारच्या उजवीकडे. नंतर १०१ बटणांचा कीबोर्ड आला त्यात ते ए ला खेटून बसलं आणि बाकीच्यांनीही तीच मांडणी उचलली.

आता उपाय. बटण दाबलं की कीबोर्ड कॉम्प्युटरला त्या बटणाचा एक कोड पाठवतो, आणि अमुक कोड आला तर तो तमुक समज किंवा सोडून दे, असं विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहून ठेवता येतं, ही सोय विंडोज २००० पासून आहे. पण रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नका, शार्पकीज नावाचं फुकट सॉफ्टवेअर ते काम करतं. ॲड दाबा, डावीकडच्या यादीत कॅप्स लॉक निवडा, उजवीकडे सगळ्यात वरचं टर्न की ऑफ, मग राइट टू रजिस्ट्री आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट. झालं. नंतर सॉफ्टवेअर काढून टाकलंत तरी बदल राहतो, म्हणून परत पूर्वीसारखं करायचं असेल तर आधी त्यातली नोंद डिलीट करून पुन्हा राइट टू रजिस्ट्री करा.

पण तुमच्या जागी मी असतो तर बटण बंद केलं नसतं, उजवीकडच्या यादीत लेफ्ट शिफ्ट निवडलं असतं. कारण बोट निघालेलं असतं शिफ्टकडेच, मग चुकून कॅप्स लॉकवर पडलं तरी ट हवा तिथे ट च येईल, हात थांबणार नाही. फक्त शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं गेलं की स्टिकी कीजची (शिफ्टसारखी बटणं धरून न ठेवता एकेक दाबायची सोय) खिडकी उघडते, ती सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड इथे जाऊन आधीच बंद करून ठेवा.

मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज पण आहे, तेही फुकट, त्यात रीस्टार्ट लागत नाही, पण ते मागे चालू असेपर्यंतच बदल टिकतो आणि लॉगिनच्या पासवर्डला तर चालतच नाही. ते वापरून बटण बंद करणार असाल तर आधी कॅप्स लॉकचा दिवा विझलाय ना ते बघा, नाहीतर तो चालूच अडकून बसेल.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही टाकायची परवानगी नसते त्यांनी त्याच ॲक्सेसिबिलिटीत टॉगल कीज चालू करा. कॅप्स लॉक दाबलं की आवाज येतो, म्हणजे निदान चूक पहिल्याच अक्षराला कळते.

प्रश्न : माझ्या कीबोर्डवर स्लीपचं बटण आहे, मुलगा ते दाबतो आणि कॉम्प्युटर झोपतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : याला काहीच टाकायला नको. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे डावीकडे पॉवर बटणांनी काय करायचं असा पर्याय आहे, त्यात स्लीप बटणासमोर डू नथिंग करून सेव्ह करा. मुलाला हवं तितकं दाबू दे.