ग्वाल्हेरच्या धुळीला कोणतं मशीन?

वहिनी, कोणतं व्हॅक्यूम क्लीनर घ्यावं विचारलंत ना? रोबो, म्हणजे आपलं आपण फिरून धूळ ओढणारं मशीन, घ्यायच्या आधी घरातले उंबरठे मोजा. बहुतेक रोबो दोन सेंटीमीटरच्या वर चढत नाहीत. लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात तो देवघराच्या उंबरठ्याशी डोकं आपटत बसायचा, आई म्हणायची, "नमस्कार करतोय बिचारा!" फ्लॅटमध्ये राहत असाल तर खुशाल घ्या.

वॅटवर भुलू नका. तो विजेचा खप. ओढ किती ते किलोपास्कलमध्ये लिहिलेलं असतं. मे महिन्यात आंधी येऊन गेली की दगडी फरशीच्या सांध्यांत पिठासारखी धूळ बसते. तिला ड्रमवालं वेट-ॲण्ड-ड्राय, म्हणजे कोरी धूळ आणि पाणी दोन्ही ओढणारं मशीनच बरं, आणि सोबत फटींसाठीचं चपटं नोझल हवंच. मात्र पाणी ओढण्याआधी कागदी फिल्टर काढून स्पंजाचा लावायचा. मी एकदा विसरले, तर फिल्टरचा पार लगदा झाला.

घरात कुणाला दमा असेल तर खरा हेपा फिल्टर बघा, तो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. पण बिनपिशवीचं मशीन रिकामं करताना तीच धूळ नाकातोंडात जाते. म्हणून ते काम गच्चीवर, तोंडाला पदर लावून आणि वाऱ्याकडे पाठ करून.