एअरटेलने आफ्रिकेत दर पाडूनही केनियात तिथल्या सफारीकॉम या मोबाईल कंपनीला मागे का टाकता आलं नाही?

२०१० मध्ये एअरटेलने कुवेतच्या झेन या मोबाईल कंपनीचा १५ आफ्रिकी देशांतला व्यवसाय सुमारे १०.७ अब्ज डॉलरला घेतला आणि भारतातलाच फॉर्म्युला लावला: मिनिट स्वस्त करा, वापर वाढेल. केनियात दर पडले, पण ग्राहकाने स्वस्त कॉलसाठी दुसरं सिम घेतलं आणि पहिलं, सफारीकॉमचं, तसंच ठेवलं. कारण त्या पहिल्या सिमवर एम-पेसा होतं, म्हणजे सफारीकॉमची मोबाईलवरून पैसे पाठवायची सेवा, २००७ पासूनची. पगार, उधारी, गावी पाठवायचे पैसे सगळं त्यावरच. गल्लीत रोख भरून-काढून देणारा एजंटही सफारीकॉमचाच. शिवाय वीज नसलेल्या टॉवरला डिझेल लागतं, ते चोरीलाही जातं. मिनिट स्वस्त केलं म्हणून हा खर्च उतरत नाही. २०१४ पासून एअरटेलने टॉवर विकून भाड्याने घेतले, ते बरंच केलं.