ऐकणे तपासताना वाचन मध्ये आणू नका
आपण सोलापुरात नव्यानेच इंग्रजी शिकवू लागला आहात, म्हणून आवर्जून सांगते की श्रवणचाचणीच्या वेळी उतारा विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. मग ते ऐकत नाहीत, वाचतात. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात आणि सुमारे ३० मिनिटांत ४० प्रश्न असतात, ही सवय आधीपासूनच लावावी. घरी मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलणारी आपली मुले ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत अडखळतात. त्यांना चादरीच्या दुकानातला भाव ठरवण्याचा संवाद ऐकवावा आणि किंमत अंकांतच लिहू द्यावी, म्हणजे स्पेलिंगची चूक ऐकण्याच्या माथी बसत नाही. वाचनाच्या प्रश्नांत मात्र उताऱ्यातलेच शब्द ठेवू नयेत, कारण अर्थ न कळताही ते जुळवून उत्तर सापडते.