लिनक्स मिंटवर एमएस ऑफिसऐवजी काय वापरू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना, ऑफिसात दोन जुने कॉम्प्युटर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ या मशीनवर चढत नाही, म्हणून भाच्याने विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकून दिली. आता बिलं, रेट लिस्ट, कामगारांचा पगार आणि मराठी पत्रं कशात करायची?

मीही त्याच भागात एका चादर कारखान्याचं ऑफिस सांभाळतो. मिंटवर येऊन दोन वर्षं झाली. सरळ उत्तर म्हणजे मिंटसोबत लिब्रेऑफिस हे फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर आलेलंच आहे, तेच वापरा. पण एवढं कोणीही सांगेल. आम्हाला जो त्रास झाला तो सॉफ्टवेअरचा नव्हताच, कपाटभर जुन्या फायलींचा होता.

त्यातही मराठी फायलींचा. आमच्याकडे पंधरा वर्षांची पत्रं होती, काही श्रीलिपीत, काही कृतिदेवमध्ये. नव्या मशीनवर पहिलं पत्र उघडलं तर एकही शब्द मराठी नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. शेठजी म्हणाले, फाईल करप्ट झाली. झालं नव्हतं काहीच. हे जुने फाँट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. फायलीत खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांना फक्त मराठीचा मुखवटा चढवतो. फाँट गेला की मुखवटा उतरतो. एमएस ऑफिस विकत घेतलं असतं तरी हेच झालं असतं.

त्यावर दोन उपाय आहेत. जुन्या विंडोजच्या फाँट फोल्डरमधल्या त्या फाँटच्या फायली मिंटवर टाकल्या तर पत्रं पुन्हा वाचता येतात, छापताही येतात. पण नवीन मजकूर त्यात लिहू नका. जी पत्रं पुन्हा पुन्हा लागतात तेवढी युनिकोडमध्ये बदलून घ्या. कन्व्हर्टर मिळतात, मात्र बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांत तेल घालून तपासा. आमचं ‘कार्यालय’ एकदा भलतंच काहीतरी होऊन महापालिकेत जाता जाता वाचलं.

लिब्रेऑफिसमध्ये ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून तिथे मराठी निवडा. हे सॉफ्टवेअर इंग्रजीचा फाँट वेगळा आणि मराठीचा वेगळा धरतं. ते ठाऊक नसलं की माणूस फाँट बदलत बसतो आणि मराठी जागची हलत नाही. टायपिंगसाठी मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडा. हात जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन लेआउटवर बसलेला असेल तर पहिले पंधरा दिवस चिडचिड होणार, माझीही झाली. फायदा मात्र रोकडा आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीची नोटीस आम्ही वर मराठीत, खाली तेलुगूत लावतो. पूर्वी त्यासाठी दोन फायली, दोन फाँट आणि शेवटी कात्री-डिंक. आता एकाच पानावर होतं.

आता बाहेर जाणाऱ्या फायली. लिब्रेऑफिस मूळचं स्वतःच्या ओडीएफ प्रकारात सेव्ह करतं. २००६ पासून तो आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण तुमच्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तो उघडेलच असं नाही. म्हणून समोरच्याला फक्त वाचायचं असेल तर पीडीएफ पाठवा, त्याला काही भरून परत द्यायचं असेल तरच वर्ड-एक्सेलच्या प्रकारात. आमची एक पानाची रेट लिस्ट हैदराबादच्या व्यापाऱ्याकडे वर्डमध्ये गेली आणि तिकडे दोन पानांची झाली, सही-शिक्का एकटाच दुसऱ्या पानावर. कारण साधं: आम्ही निवडलेला फाँट त्याच्याकडे नव्हता. उलट दिशेने एमएस ऑफिसच्या कॅलिब्री फाँटमधली फाईल आपल्याकडे आली तर ‘कार्लिटो’ फाँट मशीनवर हवा. त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळी सहसा तुटत नाहीत.

पगाराचं गणित कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या एक्सेलमध्ये, बिनबोभाट चालतं. ओळी एक्सेलइतक्याच, १०,४८,५७६. एक्सलुकअपची सवय असेल तर आवृत्ती २४.८ किंवा त्यापुढची घ्या, त्याआधी ते सूत्र नव्हतं. मॅक्रोच्या, म्हणजे आत आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम असलेल्या, फायलींचं मात्र खरं नाही. काही चालतात, काही अर्ध्यात बसतात.

कोणी ‘ओपनऑफिस’ घ्या म्हणेल. नको. लिब्रेऑफिस २०१० मध्ये त्यातूनच फुटून निघालं, ओपनऑफिस अजून २०१४ च्या ४.१ मालिकेतच आहे आणि वर्डच्या डॉकएक्स प्रकारात सेव्हसुद्धा करत नाही. ओन्लीऑफिस चांगलं आहे. दिसायला थेट एमएस ऑफिससारखं, वर्ड-एक्सेलच्याच प्रकारात काम करतं, कॉम्प्युटरवर टाकायची आवृत्ती फुकट. ऑफिसातल्या मुलीला नवा मेनू बघून रडू येत असेल तर तेही बाजूला टाकून ठेवा, दोन्ही एकत्र नांदतात. मराठीचं एखादं मोठं पत्र मात्र आधी त्यात उघडून बघा. ब्राउझरमधलं फुकटचं वर्ड-एक्सेल अडीअडचणीला ठीक, फक्त त्यात एक्सेलचे मॅक्रो चालत नाहीत आणि नेट गेलं की हात बांधले जातात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. टॅली विंडोजवरच चालतं, जीएसटीचं ऑफलाइन टूलही विंडोजसाठीच आहे. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे लावून ते चालवण्यात मी दोन रविवार घालवले, तुम्ही घालवू नका. ते काम सीएकडे देत असाल तर प्रश्नच नाही. स्वतः करत असाल तर विंडोज ११ चालेल असं एक मशीन घ्या आणि टॅली त्यावर ठेवा. मग दुसऱ्यावर मिंट बिनघोर चालू द्या.

आणि भाच्याला आजच फोन करा. दुसऱ्या कॉम्प्युटरची जुनी हार्डडिस्क पुसली नसेल तर पत्रांच्या फोल्डरसोबत तो फाँटचा फोल्डरही पेनड्राइव्हवर घ्यायला सांगा. आमच्या एका मशीनचा तसाच पुसला गेला, आणि २०११ च्या कराराची पत्रं मी छापील प्रतींवरून पुन्हा टाइप केली.