सर्वोचा हॉर्न घसरतोय? ब्रॅकेटही एकदा काचेवर ठेवून बघा

भाऊ, प्रिंट केलेला हॉर्न सर्वोवर घसरतो ही तुमची पोस्ट वाचली आणि माझंच तीन वर्षांपूर्वीचं टेबल डोळ्यांसमोर आलं. (सर्वो म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी छोटी मोटर, हॉर्न म्हणजे तिच्या शाफ्टवर, फिरत्या दांड्यावर, बसणारी पट्टी.) रोबोच्या हाताचा खांद्याचा हॉर्न तुटला, कुरिअर गावात येत नाही, म्हणून थ्रीडी प्रिंट करून घेतला आणि तो दोन दिवसांत घसरायला लागला.

घसरणारच. एमजी ९९६ या सर्वोच्या शाफ्टवर २५ दाते आणि शाफ्ट जेमतेम ६ मिमीचा. एका दात्याच्या वाट्याला पाऊण मिलिमीटर. प्रिंटरच्या ०.४ मिमी तोंडाच्या नोझलनं तिथे दाते नाही, नुसती खरबड उमटते. तुटक्या हॉर्नचा मधला दातेवाला गोल फेकला नसेल तर तोच ठेवा आणि नवी पट्टी त्याला बारीक स्क्रूंनी आवळा. पट्टी प्रिंटचीच पाहिजे असं काही नाही. स्लायडिंग खिडक्यावाल्याकडे अॅल्युमिनियमचे तुकडे भंगारात पडलेले असतात, त्यातला जाड बघून घ्या.

पण मले खरा फटका हॉर्ननं नाही दिला. मी सर्वो धरून ठेवणारा ब्रॅकेटही प्रिंट करून आणला होता. शहरातलं दुकान, नाव घेत नाही. मी म्हटलं "मजबूत द्या", त्यानं पीएलए, म्हणजे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक, दिलं. चूक माझीच, मटेरियल विचारलंच नाही. पण रोबो कुठे ठेवणार, एवढं त्यानंही विचारायला काय जात होतं?

रोबो टिनाच्या खोलीत, महिना मे. सकाळी हात झकास चालायचा, दुपारी अडकायचा, गुरगुरायचा. मी आधी कोड बदलला. मग पॉवर सप्लाय. मग सर्वो जळला, नवा आणला, तोही तसाच जळला. शेवटी वैतागून सगळं खोललं आणि ब्रॅकेट काचेवर ठेवला, तर डुगडुगायला लागला. पीएलए ६० अंशांच्या आसपास नरम पडतं. बाहेर सावलीत ४५, वर टिन, त्यात मोटरची स्वतःची गरमी. ब्रॅकेट केसभर वाकला, शाफ्ट तिरका झाला, सर्वो जोर लावून लावून मेला. दोन सर्वो, दीड महिना आणि घरच्यांचे टोमणे वेगळे.

म्हणून आपल्याकडे मोटरजवळ पीएलए नकोच, हे माझं स्पष्ट मत. पीईटीजी हे प्रिंटिंगचंच दुसरं प्लास्टिक साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं. प्रिंट करायचाच असेल तर ते सांगून घ्या, तोंडी नाही, लिहून. मी काही इंजिनिअर नाही, कृषी केंद्र चालवतो. तुमची खोली थंड असेल तर पीएलए चालेलही, मला भांडायचं नाही.

आणि हो, गिअरसाठी लेथवाल्याकडून नायलॉन टर्निंग करून घ्यायचं असेल तर पेरणीच्या आधीच जा. एकदा त्याच्या दारात ट्रॅक्टर अन् पेरणीयंत्रं लागली की तुमचा तुकडा पोळ्यापर्यंत कोपऱ्यात पडून राहतो.