वाचकांचे प्रश्न : मल्हारराव गायकवाडांना गादीवरून का काढले?

प्रश्न : रेसिडेंटला (दरबारातील इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीला) विष दिल्याचा आरोप सिद्ध झाला नव्हता ना? मग बडोद्याची गादी गेली कशी?

उत्तर : ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले आणि उरलेले फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तो रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी तपासला आणि सोमल (आर्सेनिक) व हिऱ्याची पूड निघाल्याचे सांगितले. (फेअर यांना परत बोलवा, अशी दरबाराची मागणी त्याआधीच गेली होती.) जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली.

आरोपाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सहा जणांच्या आयोगात मते तीन-तीन अशी फुटली. तिन्ही इंग्रजांनी दोषी ठरवले. ग्वाल्हेरचे महाराज शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे यांना पुरावा पुरेसा वाटला नाही.

खरी मेख पुढे आहे. एप्रिल १८७५ च्या इंग्रज सरकारच्या जाहीरनाम्यात पदच्युतीसाठी विषाचे कारण दिलेच नाही. कुख्यात गैरवर्तन, अंदाधुंद कारभार आणि सुधारणा करण्याची असमर्थता ही कारणे दिली. कारभार वाईट होता, यात शंका नाही. पण तो सुधारायला कारभाराच्या आधीच्या चौकशीनंतर १८७५ अखेरपर्यंतची मुदत सरकारनेच दिली होती, ती संपायला आठ महिने बाकी होते! कायद्याच्या नजरेने हे लंगडेच.

मल्हाररावांची रवानगी मद्रासला झाली. त्यांचे थोरले भाऊ व आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक घेतला, तेच सयाजीराव.